जुलैमध्ये देवकुंड धबधब्याचा एक दिवसाचा ट्रेक करायचा आहे, प्लॅन कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याहून सहा जण, त्यातल्या दोघी पहिल्यांदाच ट्रेकला येणार, जुलैचा शेवटचा शनिवार पक्का केलाय आणि "फार अवघड नाही ना?" चालायला अजिबात अवघड नाही. पण तारीख बदला. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर यातला कुठलाही दिवस घ्या, शक्यतो शनिवार-रविवार सोडून.

माझं आजोळ रायगडमधल्या माणगाव तालुक्यातलं, देवकुंड तिथेच, त्यामुळे हा भाग लहानपणापासून बघतोय आणि देवकुंडला मित्रांना, ऑफिसवाल्यांना घेऊन बऱ्याचदा गेलोय. लोक विचारतात चढ किती, दम लागतो का. चढ किरकोळच आहे हो. भिरा गावातून निघालं की बराच वेळ धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने सपाट वाट, मग जंगल सुरू होतं, झाडी दाट होत जाते आणि शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांतून. एका बाजूचं अंतर साधारण 6 किलोमीटर, म्हणजे नवीन माणसांना धरून दोन-अडीच तास. खरी गोम आहे ती वाटेत आडव्या येणाऱ्या ओढ्यांची. ऑक्टोबरमध्ये ज्या ओढ्यात तुम्ही मजेत पाय बुडवून फोटो काढता तोच जुलैत माणूस उचलून नेतो. जाताना घोट्याएवढं पाणी असलं म्हणजे येतानाही तेवढंच असेल असं काही नाही, आणि गाडी तर पलीकडे गावात लावलेली.

हे पाणी येतं कुठून ते बघा म्हणजे पटेल. सगळा ताम्हिणी घाटाच्या बाजूचा, वरच्या डोंगरांचा पाऊस. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, तुम्ही म्हणताय साधारण तेच दिवस! खाली भिऱ्यात नुसती भुरभुर असते, वर ढगात काय चाललंय ते जंगलातून दिसत नाही, आणि अचानक ओढ्याचं पाणी गढूळ होतं, पालापाचोळा, काटक्या वाहत यायला लागतात, आवाज जड होतो. असं कधीही दिसलं, अगदी ऑक्टोबरमध्येसुद्धा, तर आधी पाण्यातून बाहेर, सामान राहिलं तर राहू दे. त्याच वर्षी 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले, तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. पाणी वाढायला लागल्यावर ते मधल्या खडकावर अडकले, बस.

शिवाय जोरदार पावसाच्या काळात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढून देवकुंड बंद करतं, मग पोलीस भिऱ्यातूनच परत पाठवतात. इतकं लांब येऊन परत जायचं आणि वर कारवाई झाली तर ती वेगळीच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या गाईडला फोन करून चालू आहे का विचाराच, रील बघून ठरवू नका, रील मागच्या वर्षीचं असतं. आणि गाईड घ्यायचाच, "मॅप डाउनलोड केलाय" हे कारण चालत नाही. जंगलात ढोरवाटा इतक्या फुटलेल्या आहेत की येताना चुकायला होतं, नेटवर्कही नसतं, आणि त्या पोरांना ओढा बघून कळतं आज जायचं की नाही. गाईड नको म्हणाला तर घासाघीस न करता ऐकायचं.

आता वेळेचं. ठाण्याहून पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड आणि तिथून आत विळे, पाटणूस, भिरा. हायवेच्या अवस्थेबद्दल मी बोलत नाही, तुम्ही पहाटे चारला निघा, एवढंच. खोपोली-पालीवरूनही येता येतं. स्वतःची गाडी नसेल तर कोकण रेल्वेने माणगावला उतरून पुढे रिक्षा ठरवता येते पण परतीचं वाहन सकाळीच बोलून ठेवा, संध्याकाळी काही मिळेल या भरवशावर राहू नका. आठ-साडेआठला चालायला सुरुवात झाली पाहिजे. बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, धबधबा पाच मिनिटांवर असला तरी, हे सहाही जणांनी गाडीतच कबूल करायचं, कारण तिथे पोचल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. एवढी घाई का, तर परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतरच गडगडाटासह येतो, आणि ऑक्टोबरमध्ये सव्वासहाला सूर्य मावळला तरी जंगलात त्याच्या आधीच अंधारून येतं.

नाश्ता भिऱ्यातच करा आणि जेवणाचंही तिथेच सकाळी सांगून ठेवा, परत येईपर्यंत तांदळाची भाकरी, पिठलं तयार असतं, नॉनव्हेज हवं तर तेही आधीच सांगायचं. बरोबर माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, एखाद-दुसरी चपाती, इलेक्ट्रॉल. ऑक्टोबरमध्ये धरणाच्या कडेचा उघडा पट्टा येताना भाजून काढतो, टोपी हवीच. बूट ग्रिपवाले, नवेकोरे नकोत, आणि ओले होणार हे धरूनच चाला. दगडांवर शेवाळ असतं त्यावर भारीतले रनिंग शूजसुद्धा साबणासारखे घसरतात, चपला-फ्लोटर्स तर विसराच. ओढा ओलांडताना सॅकचे कमरेचे, छातीचे बेल्ट सोडून ठेवायचे म्हणजे पडलात तर सॅक पटकन टाकता येते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर थांबायचं. फुल पँट घाला, झुडपांवर हिरवा चापडा साप बसलेला असू शकतो, विषारी असतो, पण आपण हात घातला नाही तर तो काही करत नाही. कड्यांना आग्यामोहोळं असतात म्हणून डिओ मारून येऊ नका आणि जंगलात सिगारेट, शेकोटी काही नको.

कुंडात पोहण्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. काठावर बसा, पाय सोडा, पुरे. ते निळं-हिरवं पाणी दिसायला शांत दिसतं पण खोल आहे, गार इतकं की चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो, आणि धार पडते तिथे पाणी खाली ओढतं. दोरी लावलेली असेल तर दोरीच्या अलीकडेच. दारू घेऊन येणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला घरीच ठेवा.

कोणीतरी अंधारबनचा ट्रेकही त्याच दिवशी करू म्हणेल, कारण ती वाटही भिऱ्यातच उतरते. तेरा-चौदा किलोमीटरची उतरण आहे ती, दोन्ही एका दिवसात नवीन माणसांबरोबर नकोच.

आणि जुलैचीच सुट्टी पक्की असेल, बदलता येत नसेल, तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधली शिलोंढ्याची वाट परवानगी आणि गाईड घेऊन करा, घरापासून जवळ, दोघींचा सरावही होईल. ते नको आणि या बाजूलाच यायचं असेल तर कोलाडला राफ्टिंग करा. त्याची एक गंमत आहे, मुळशी धरणाचं पाणी डोंगरावरून पाइपांनी खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, 1927 पासून चालू आहे ते, आणि वीज बनवून झाल्यावर तेच पाणी पुढे कुंडलिका नदीत सोडतात, त्यावर राफ्ट चालतात. हेच ते मुळशी धरण, ज्याच्या विरोधात सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला होता. पाणी सकाळी सोडतात त्यामुळे तिथेही लवकरच पोचावं लागेल, बुकिंग आधी करा, लाइफ जॅकेट घट्ट बसतंय ना ते स्वतः ओढून बघा आणि जास्त पाऊस असेल तर तेही बंद ठेवतात, तेव्हा फोन करूनच निघा.