'माहो'तला मार

प्रश्न : जपानी ॲनिमेतल्या (तिथल्या कार्टून मालिकांतल्या) 'माहो शोजो' प्रकारातला 'माहो' म्हणजे आपला 'महा' का? मराठीत 'जादूची परी' म्हटलं तर चालेल?

'महाशोजो' वाचून वाचून डोळे दुखायला लागलेत. संस्कृत 'महा' जपानीत गेलाय, पण 'माका' होऊन. 'माका फुशिगी' म्हणजे महा-अद्भुत. १९८६च्या 'ड्रॅगन बॉल' मालिकेच्या शीर्षकगीताच्या नावातच तो आहे. 'माहो'शी त्याचा काडीचा संबंध नाही.

'शोजो' म्हणजे मुलगी, 'माहो' म्हणजे जादू. हे कुठल्याही कोशात मिळेल. मजा त्या 'मा'च्या, चिनीतून जपानीत आलेल्या चिन्हात आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना 'मार' हे नाव लिहायचं होतं. मार म्हणजे सिद्धार्थाला मोहात पाडू पाहणारा सैतान. घासणे-दळणे या अर्थाचं, त्याच उच्चाराचं एक चिन्ह होतं. त्याच्या पोटातला 'दगड' काढला आणि तिथे 'भूत' बसवलं. झाला मार! अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात सिद्धार्थावर सैन्यानिशी चालून आलेला दिसतो, तोच हा. पुढचं 'हो' म्हणजे रीत, नियम. भाषांतरकारांनी 'धर्म'साठी हेच चिन्ह वापरलं. म्हणजे मार आणि धर्म एकाच शब्दात शेजारी नांदतायत!

काही जाणकार म्हणतात, आजच्या जपानी माणसाला यात मार दिसतच नाही, उगाच ताणू नका. त्यांनी २०११ची 'मादोका मागिका' मालिका पाहिलेली नसावी. १९६६च्या 'साली द विच' या मालिकेपासून या प्रकारात जादू म्हणजे मौज. १९९२च्या 'सेलर मून'मध्ये तर रूप पालटण्याचं तेच चित्रण भागामागून भाग फिरून येतं आणि बघणारा त्याचीच वाट पाहतो. 'मादोका'त एक गोंडस पांढरा प्राणी मुलीला म्हणतो, एक इच्छा माग, पुरी करतो. बदल्यात चेटकिणींशी लढ. चेटकिणीच्या चक्रव्यूहात पाऊल पडलं की चित्रशैलीच बदलते : कागदी कात्रणं, चिकटवलेली चित्रं, आणि त्यात हाताने रेखाटलेल्या त्या मुली परक्या वाटतात. आमिष दाखवणारा हा प्राणी म्हणजे मारच, असं माझं ठाम मत आहे. चेटकिणीला जपानीत म्हणतात 'माजो', आणि त्यातलं 'मा' हेच, पोटात भूत असलेलं. आशा संपली की 'माहो शोजो'ची 'माजो' होते. पटकथाकार गेन उरोबुची यांनी अख्खी शोकांतिका या दोन शब्दांमधल्या अंतरात उभी केली आहे, आणि 'जादूची परी' म्हटलं की नेमकं तेच अंतर पुसलं जातं.