वाचकांचे प्रश्न : बरणीत नेमके काय बिघडले?

प्रश्न : कोबी चिरून, अंदाजाने मीठ लावून बरणीत आंबवायला ठेवला. पाच दिवसांनी वर पांढरा थर आला आणि कोबी मऊ पडला. वास मात्र छान आंबट आहे. खावा की टाकावा?

उत्तर : आधी थर नीट उजेडात पाहा. तो सपाट, पातळ आणि सायीसारखा सुरकुतलेला असेल तर ते यीस्ट आहे. त्याने अपाय होत नाही, पण राहू दिला तर चव उतरते, म्हणून चमच्याने काढून टाका आणि बरणीची आतली कड पुसून घ्या. थर केसाळ असेल, किंवा हिरवे, काळे, गुलाबी ठिपके दिसत असतील, तर सगळी बरणी टाकून द्या. वरचा भाग काढून खालचा वाचवण्याचा मोह टाळा, कारण बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात.

आता मऊपणाचे. तुमच्या प्रश्नातला ‘अंदाजाने’ हा शब्दच बहुधा त्याचे कारण आहे. देठ आणि बाहेरची पाने काढून वजन केलेल्या 1 किलो कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ लागते. हे वजनकाट्यावरच मोजा. बारीक मिठाचा एक चमचा आणि खड्यांच्या मिठाचा एक चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो, आणि इथे पाच-सात ग्रॅमही महत्त्वाचे असतात. मीठ कमी पडले की भाजी कुजवणारे जिवाणू जोर धरतात आणि पेशी घट्ट धरून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते. मीठ फार झाले तर आंबण्याची क्रिया रेंगाळते. एकाच ठिकाणी मीठ साचले तर कोबी गुलाबीही पडतो, तोही खाऊ नये.

मीठ लावल्यावर कोबी पाच-दहा मिनिटे हाताने चुरा, अर्धा तास झाकून ठेवा, मग सुटलेल्या पाण्यासकट बरणीत दाबून भरा. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. कोबी पाण्याखाली बुडालाच पाहिजे, कारण बुरशीला हवा लागते आणि आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंना ती लागत नाही. कोबीचे एक अख्खे पान वर पसरून त्यावर स्वच्छ काचेचे वजन ठेवा. पाणी कमी पडले तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवून ओता, साधे पाणी घालू नका.

पहिल्या काही दिवसांत भरपूर बुडबुडे येतात. हे ल्यूकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंचे काम. ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे झाकण घट्ट लावू नका. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस पुढचे काम करतात. 18 ते 22 अंश सेल्सिअस तापमानात हे सगळे तीन-चार आठवडे चालते आणि कोबी कुरकुरीत राहतो. तिशीच्या आसपास तो फार लवकर आंबतो, पण मऊ पडतो. खात्री हवी असेल तर आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी बुडवून पाहा, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. 4.6 च्या खाली आल्याशिवाय खाऊ नका. नीट आंबलेला कोबी साधारण 3.5 पर्यंत उतरतो.

तुमच्या बरणीवर यीस्टच असेल, पीएच 4 च्या खाली असेल आणि कोबी नुसता मऊ असेल तर खायला हरकत नाही. बुळबुळीत झाला असेल किंवा सडका वास येत असेल तर टाका.

प्रश्न : रक्तदाब आहे. असा कोबी रोज खाल्ला तर चालेल का?

उत्तर : गणित साधे आहे. 2.5 टक्के मिठाच्या 30 ग्रॅम कोबीतून पाऊण ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचे एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवे, तेव्हा हे त्याच हिशेबात धरा आणि जेवणातले दुसरे काही खारट कमी करा. पाण्याखाली धुतला तर मीठ उतरते, पण थोडे जिवाणूही वाहून जातात. शिजवला तर जिवंत जिवाणू मरतात. नैराश्यावरची एमएओ इन्हिबिटर गटातली औषधे चालू असतील, तर आंबवलेल्या पदार्थांतल्या टायरामिन या घटकामुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आंबवलेले पदार्थ सुरू करू नयेत.

प्रश्न : दह्याला कधी पाणी सुटते, कधी तार सुटते. घट्ट कसे लागेल?

उत्तर : दूध 85 ते 90 अंशांवर दहा मिनिटे धरा, नुसती एक उकळी पुरत नाही. या उष्णतेने दुधातल्या पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि पुढे जाळी पाणी धरून ठेवते. मग 43 अंशांपर्यंत निववा आणि 1 लिटरला एक मोठा चमचा ताजे विरजण थोड्या दुधात फेटून मिसळा. जास्त विरजणाने दही घट्ट होत नाही, लवकर आंबट होते आणि रवाळ लागते. पाच ते आठ तास उबेत अजिबात न हलवता ठेवा आणि लागले की लगेच फ्रिजमध्ये हलवा. पाणी सुटते ते फार वेळ बाहेर राहिल्याने किंवा धक्का लागल्याने. तार सुटते ती बहुतेकदा ऊब कमी पडल्याने किंवा विरजण जुने झाल्याने. तेच विरजण पुन्हा वापरू नका, नवे आणा.

प्रश्न : सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला आहे. किती महिने टिकेल?

उत्तर : आजच टाकून द्या. लसणावर मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते पाण्याच्या उकळीतही मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणात आम्ल पुरेसे नाही, वर खोलीची ऊब आहे. या तिन्ही गोष्टी जमल्या की त्यातून जीवघेणे विष तयार होते, आणि त्याला रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते. करायचेच असेल तर थोडेसे करा, 4 अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. मधातला लसूणही फ्रिजमध्येच ठेवा, कारण लसणाचे पाणी सुटून मध पातळ होतो. एक वर्षाखालच्या बाळाला कोणताही मध देऊ नका.

प्रश्न : पुदिना, आले आणि ज्येष्ठमध एकत्र उकळून रोज काढा घेतो. बरोबर आहे ना?

उत्तर : एकत्र उकळू नका. आले आणि ज्येष्ठमध कठीण आहेत, त्यांना मंद आचेवर 15 ते 20 मिनिटे लागतात. तेवढ्यात पुदिन्यातले उडून जाणारे तेल वाफेबरोबर निघून जाते. आच बंद केल्यावर पुदिना घाला आणि पाच-सात मिनिटे झाकून ठेवा.

खरी काळजी ज्येष्ठमधाची आहे. त्यातल्या ग्लिसऱ्हायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब वाढतो. रोज भरपूर घेतले तर दोन आठवड्यांतही हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. घशासाठी दोन-तीन दिवस ठीक आहे. उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते घेऊच नये. रोजच्या काढ्यातून ज्येष्ठमध वगळा, आले आणि पुदिना पुरेसे आहेत. पाय सुजले असतील, स्नायू दुबळे वाटत असतील किंवा छातीत धडधडत असेल तर काढा थांबवा आणि डॉक्टरांना दाखवताना तो किती दिवस घेत होता हे सांगा.