३६ वर गडगडल्यावर टीव्ही बंद करायचा का?

या वेळी बरीच पत्रं क्रिकेटचीच आलीत, आणि जिंकण्यापेक्षा हरण्याबद्दल जास्त आलीत, त्यामुळे सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, क्रिकेटचं भयंकर वेड. पण आपल्या विकेट पडायला लागल्या की रिमोट आपटतो, "यांना खेळायचंच नसतं" म्हणतो आणि टीव्ही बंद. कसं समजवायचं? – एक आई, सातारा

ताई, त्याला एकदा ॲडलेडची ती टेस्ट नीट बघायला लावा, डिसेंबर २०२० ची, ऑस्ट्रेलियाविरुद्धची, गुलाबी बॉलची. फक्त दुसऱ्या इनिंगमधे आपला डाव ३६ वर आटोपला एवढंच सांगू नका, आधीचं पण सांगा, कारण लोक विसरतात की त्या मॅचमधे पहिल्या इनिंगनंतर आपण ५३ रननी पुढे होतो! तिसऱ्या दिवशी सकाळी १ बाद ९ वरून खेळ सुरू झाला आणि तासाभरात सगळं संपलं. कोणालाच दोन आकडी रन नाहीत, सगळ्यात जास्त मयांक अगरवालचे ९. हेझलवूडच्या ५ ओव्हरमधे ८ रन आणि ५ विकेट.

आता मुलाला विचारा, यात खेळायचं नव्हतं असं कुठे दिसतं? पाच जण कीपर पेनच्या हातात कॅच देऊन गेले, म्हणजे बॉल ऑफ स्टंपच्या आसपास टप्पा पडून थोडासाच हलत होता आणि बॅटची कड लागत होती. इतर दिवशी तेच बॉल बॅटला चुकवून जातात, आपण "वाचला रे" म्हणतो आणि पुढच्या ओव्हरला विसरून पण जातो. त्या सकाळी जवळजवळ प्रत्येक बॉलला कड लागली. चुका नव्हत्या असं नाही, कोहलीने बाहेरच्या बॉलला बॅट घातलीच. पण चूक होणं वेगळं आणि मन नसणं वेगळं, आणि हा फरक सातवीतल्या मुलाला बरोबर कळतो, आपण बसून दाखवला तर.

आणि टीव्ही बंद केला तर पुढचं सगळं हुकतं. त्यानंतर कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी गेला, शमीचं मनगट फ्रॅक्चर, आणि कॅप्टन झाला आपला अजिंक्य रहाणे, डोंबिवलीत वाढलेला. ॲडलेडला पहिल्या इनिंगमधे कोहली ७४ वर मस्त खेळत असताना रहाणेच्याच कॉलवर रनआउट झाला होता आणि तिथूनच आपला डाव घसरला होता, म्हणजे त्या माणसाच्या डोक्यावर केवढं ओझं असेल बघा. तोच आठवड्याभरात मेलबर्नला ११२ करतो, आणि तिथे जडेजाबरोबरच्या गोंधळात स्वतः रनआउट झाल्यावर चिडायचं सोडून जडेजाला धीर देऊन पॅव्हेलियनमधे जातो. मला शतकापेक्षा ते जास्त मोठं वाटतं. आपण ८ विकेटनी जिंकलो.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधे वाद चाललाय. सगळे म्हणतात गाबा हाच सगळ्यात मोठा कमबॅक. तुमचं मत? – कॉलेजचा विद्यार्थी, पुणे

गाबा, म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान आणि ॲडलेडवाल्याच सिरीजची शेवटची टेस्ट, मोठा आहेच, वाद नाही. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तिथे टेस्ट हरली नव्हती, आणि १९ जानेवारी २०२१ ला आपण ३२८ चं टार्गेट गाठलं, पंत नाबाद ८९. पण मला विचारशील तर त्या सिरीजचा खरा कणा सिडनीचा शेवटचा दिवस. तिथे तर आपण जिंकलोच नाही, मॅच ड्रॉ झाली, म्हणून रील्समधे ती दिसत नाही.

बघ ना, पंत ९७ करून गेला, पुजारा ७७ करून गेला, जडेजाचा अंगठा मोडलेला तरी पॅड बांधून बसलेला. क्रीजवर विहारी, त्याचा हॅमस्ट्रिंग गेलेला, धड पळता येईना, आणि अश्विन, त्याची पाठ धरलेली. दोघं जवळपास ४३ ओव्हर उभे राहिले! विहारीचे १६१ बॉलमधे २३ रन. स्कोअरकार्ड वाचणारा म्हणेल किती कंटाळवाणं, पण ज्याने लाइव्ह पाहिलंय त्याला विचार एकेक बॉल किती जड होता ते. ते दोघं पडले असते तर ऑस्ट्रेलिया सिरीजमधे २-१ ने पुढे गेली असती आणि गाबा जिंकूनही सिरीज आपली झाली नसती.

गाबाला सुद्धा माझ्यासाठी पहिली इनिंगच महत्त्वाची. ६ बाद १८६ वरून पालघरचा शार्दुल ठाकूर ६७ आणि पहिलीच टेस्ट खेळणारा वॉशिंग्टन सुंदर ६२, दोघांची १२३ ची पार्टनरशिप. शार्दुलची त्याआधीची एकमेव टेस्ट म्हणजे हैदराबादला १० बॉल टाकून दुखापत. ग्रुपमधे हे टाक, मग बघ वाद कुठे जातो.

प्रश्न : १९९६ च्या वर्ल्डकपची ईडनची सेमीफायनल आठवली की अजून राग येतो. चाहत्यांनी तिकीट काढलंय, टीम अशी हरल्यावर चिडायचा हक्क नाही का? – निवृत्त शिक्षक, नागपूर

सर, राग येणारच, तो प्रेमापोटीच येतो. १ बाद ९८ वरून ८ बाद १२० म्हणजे पोटात खड्डा पडतो. सचिन ६५ वर स्टंप झाला आणि पिचवर बॉल इतका वळायला लागला की पुढे कोणाचंच काही चाललं नाही. पण नंतर बाटल्या पडल्या, स्टँडमधे आगी लागल्या, मॅच श्रीलंकेला देऊन टाकली, आणि विनोद कांबळी नाबाद असूनही रडत मैदानाबाहेर आला. तिथे तिकिटाचा हक्क संपतो असं मला ठामपणे वाटतं.

तीनच वर्षांनी चेन्नई बघा. ३१ जानेवारी १९९९, पाकिस्तानविरुद्ध, टार्गेट २७१. ५ बाद ८२ वरून सचिन आणि मोंगियाने डाव उभा केला, सचिन पाठ दुखत असताना १३६ वर आउट झाला तेव्हा फक्त १७ हवे होते आणि उरलेल्या तीन विकेट ४ रनमधे गेल्या. १२ रननी हार, ती पण पाकिस्तानकडून, याहून जास्त काय दुखणार? तरी चेपॉकचे लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या टीमला मैदानाला फेरी मारताना टाळ्या दिल्या. त्या लोकांचं दुःख काय कमी होतं का? बरोबरीचा खेळ झाला हे त्यांनी ओळखलं, एवढंच.

तुम्ही मुंबईची रणजी पण फॉलो करत असाल तर १९९१ ची वानखेडेवरची फायनल आठवेल. हरियाणाविरुद्ध टार्गेट ३५५, ३ बाद ३४, मग सचिनचे ७५ बॉलमधे ९६, वेंगसरकर नाबाद १३९, शेवटच्या जोडीने ४७ जोडले आणि जिंकायला ३ हवे असताना कुरुविला रनआउट झाला. हार दोन रननी. मुंबईकर आजही ती मॅच अभिमानानेच सांगतात, कपिलच्या हरियाणाला पूर्ण मान देऊन.

प्रश्न : जुनी एकच मॅच बघायची तर कुठली? – गृहिणी, मडगाव

कोलकाता २००१, आणि त्यातला चौथा दिवस, १४ मार्च. फॉलोऑन मिळालेला, म्हणजे पहिल्या इनिंगमधे खूप मागे पडल्यामुळे लगेच पुन्हा बॅटिंगला यावं लागलेलं, समोर सलग १६ टेस्ट जिंकलेली ऑस्ट्रेलिया, आणि लक्ष्मण-द्रविड अख्खा दिवस एकही विकेट न देता ३३५ रन करतात. लक्ष्मणचे २८१ सगळ्यांना पाठ आहेत, तुम्ही द्रविडच्या १८० कडे लक्ष द्या, फॉर्म नव्हता म्हणून त्याला तीन नंबरवरून सहावर ढकललं होतं. हायलाइट्स नकोत, जमेल तितका लांब व्हिडिओ शोधा, आणि पहिला तास सोडू नका.