जॅक कॉर्नवेलने नेमके काय केले?

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जॅक कॉर्नवेल या सोळा वर्षांच्या ब्रिटिश नाविकाला सर्वांत लहान वयात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, असे वाचले. माझा नातू त्याच वयाचा आहे. तो विचारतो, की जो नुसता तोफेपाशी उभा राहिला, त्याचा पराक्रम तो कोणता?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नातवाचा प्रश्न रास्त आहे. जॅक ‘चेस्टर’ या क्रूझर जातीच्या युद्धनौकेच्या पुढच्या तोफेवर होता. कानाला हेडफोन लावून वरून जो पल्ला सांगितला जाईल, त्याप्रमाणे तोफेचा नेम जुळवून ठेवायचा, हे त्याचे काम. ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात ब्रिटिश व जर्मन नौदलांत झालेल्या जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ चार जर्मन क्रूझरांच्या माऱ्यात सापडली. तोफेपुढची पोलादी ढाल डेकपर्यंत पोचत नव्हती. खालच्या फटीतून गोळ्यांचे तुकडे आत घुसले आणि कित्येकांचे पाय गेले. सोबतचे गोलंदाज एकेक करून पडले, जॅकच्या स्वतःच्या छातीत तुकडे रुतले, तरी मदतीला माणसे पोचली तेव्हा तो नेमावर नजर ठेवून पुढच्या हुकमाची वाट पाहत होता. नेम जुळवणाराच जागेवर नसेल, तर तोफेवर दुसरी माणसे येऊनही ती आंधळीच. म्हणून त्या उभे राहण्याला ‘नुसते’ म्हणायला माझे मन धजत नाही.

‘सर्वांत लहान’ मात्र तो नव्हता. १८५७ मध्ये कानपूर येथे लढलेला थॉमस फ्लिन आणि १८६० मध्ये चीनमध्ये लढलेला अँड्र्यू फिट्झगिबन हे दोघे पंधराच वर्षांचे होते. तरीही आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) दाखल होण्याचे किमान वय साडेसोळा आहे आणि जॅक त्या दिवशी तेवढाही नव्हता, हे नातवाला अवश्य सांगा.

२ जूनला ग्रिम्स्बीच्या रुग्णालयात, आई पोचण्याआधीच, तो गेला. घरची गरिबी अशी, की आधी त्याला सामायिक कबरीत पुरले गेले. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर २९ जुलैला पूर्ण लष्करी इतमामाने पुन्हा दफन झाले. पुढे त्याचे प्रसिद्ध चित्र रंगवले गेले, त्यासाठीही चित्रकारापुढे त्याच्या भावालाच उभे राहावे लागले. १६ नोव्हेंबरला आई ॲलिसने राजे पाचवे जॉर्ज यांच्या हातून ते पदक स्वीकारले, तेव्हा जॅकच्या वडिलांना जाऊन महिनाही झालेला नव्हता.