सलोखा राखतात, समेट करतात

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आलाय. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मुलांसाठी मराठीत टिपण लिहिलं: आपापसात लढलेले समाज पुन्हा एकत्र कसे नांदतात, या विषयावर. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन’चं नाव त्यांनी ‘सत्य आणि सलोखा आयोग’ असं केलं. सहकाऱ्याने समासात ‘समेट हवा’ म्हणून लिहिलं. तिसऱ्याने ‘दिलजमाई’ सुचवली. शिवाय ‘वांशिक संघर्ष’ या शब्दापाशी सगळेच अडले. बाई विचारतात, ‘हे शब्द एकाच अर्थाचे ना? मग कानाला बरा लागेल तो घ्यायला काय हरकत?’

हरकत आहे. ती कळायला कोश उघडायच्या आधी प्रत्येक शब्दाला क्रियापद लावून बघा. नाम कुठेही चिकटवता येतं, क्रियापद ते खपवून घेत नाही.

तह ठरतो आणि मोडतो. तो सत्तांमधला, कलमांचा मामला. 1665 सालच्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, एवढं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्या तहाने कोणाची मनं जुळली का, असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तहाकडून ती अपेक्षाच नसते. तडजोड ‘करावी लागते’. हे ‘लागते’ तिच्या पाचवीलाच पुजलेलं. मुंबईवाल्यांची ‘मांडवली’ ही तिचीच उनाड बहीण. टिपणात नको, पण वर्गात सांगा, मुलांना फरक चटकन कळेल. समेट होतो, घडवून आणतात, कधी ऐन वेळी फिसकटतो. आणि सलोखा? सलोख्याने राहतात, सलोखा राखतात, सलोखा बिघडतो. ‘काल दुपारी चार वाजता त्यांचा सलोखा झाला’ असं आज कोणी म्हणणार नाही. जुन्या कागदांत ‘सलूख केला’ सापडतं, तेव्हा तो शब्द तहाच्या जवळ होता. आता तो तिथून सरकलाय.

सरकला म्हणण्यापेक्षा घरी परतला म्हणू. सलूख, सलोखा हे अरबी ‘सुलूक’वरून आलेले, आणि हिंदी-उर्दूत सुलूक म्हणजे आजही वागणूक. म्हणजे सलोखा ही रोजच्या वागण्याची गोष्ट: शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर आपल्या घरचा रेडिओ बंद करणं. कुठलाही आयोग सलोखा ‘करू’ शकत नाही. फार तर तो रुजायला जमीन करून देईल.

आपल्याकडच्या आवाहनांची गंमत इथेच आहे. कुठे दंगल झाली की दुसऱ्या दिवशी फलक लागतो, ‘जातीय सलोखा राखा’. अहो, राखायला तो असायला हवा ना! काल जळाला तोच.

म्हणून दक्षिण आफ्रिकेसाठी ‘समेट’. तिथे 1995 साली कायदा झाला, 1996 मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. ज्यांनी वर्णभेदाच्या काळात राजकीय हेतूने गुन्हे केले, त्यांनी पुढे येऊन सगळं खरं सांगितलं तर माफी मिळू शकत होती. सात हजारांवर अर्ज आले, त्यातले बहुतेक नाकारले गेले. मारलेल्यांचे आईबाप समोर बसलेले, आणि मारणारा सांगतोय की कुठे नेलं, काय केलं. ही क्रिया आहे, तिला तारीख आहे, ती फसूही शकते. ‘समेट होतो’ आणि ‘समेट फिसकटतो’ ही दोन्ही वाक्यं तिला लागू पडतात. हिंदीत ‘समेटना’ म्हणजे पसरलेलं गोळा करणं. समेट म्हणताना मला तरी ते चित्र दिसतं, खळ्यात उधळलेलं भात कोणीतरी सूप घेऊन पुन्हा भरतंय असं.

‘माफी’ आणि ‘क्षमा’ यांची मात्र तिथे गल्लत करू नका. टिपणात दोन्ही शब्द आलटून पालटून आलेत. आयोग देत होता ती माफी, कायद्याची. क्षमा ज्याचं गेलं त्याच्याच हातात. वर्णभेदाविरुद्ध लढताना पोलिसांच्या कोठडीत जीव गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने तर या माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिलं होतं. 1996 मध्ये ते फेटाळलं गेलं. माफी देणं घटनेत बसतं, असं न्यायालय म्हणालं. क्षमा करा असं त्या घरच्यांना कोणतं न्यायालय सांगणार?

आणखी एक शब्द तुमच्या यादीत नाही, पण आपण सगळ्यात जास्त तोच वापरतो: मिटवणं. भांडण मिटवलं, मिटवामिटवी केली. मिटणं म्हणजे बंद होणं. डोळे मिटतात, फूल मिटतं. मिटलेलं फूल सकाळी पुन्हा उघडतं, तसंच मिटवलेलं भांडणही. टुटूंचा आयोग मिटवत नव्हता, उघडत होता. म्हणून ‘वर्णभेदाचा वाद मिटवण्यासाठी नेमलेला आयोग’ हे तुमचं वाक्य बदलाच.

हे सगळं मला पुस्तकापेक्षा पाटाच्या पाण्याने शिकवलं. आमच्या गावात, फोंड्याच्या बाजूला, दोन चुलत घरांत कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाण्यावरून वाद होता. पाट एक, पोफळी दोघांच्या. चार जाणत्यांनी बसून पाळी लावून दिली, तीन दिवस वरच्या घराने पाणी घ्यायचं, तीन दिवस खालच्याने. कागद झाला, सह्या झाल्या. पण अबोला तसाच. (अबोला ‘धरतात’ हेही बघा, जणू हातात घट्ट पकडायची वस्तू.) दोन घरचे दोन पुरुष पाट बघायला एकाच पायवाटेने जायचे, एक पुढे, दुसरा वीस पावलं मागे. पुढचा थांबला की मागचाही थांबणार, उगाच पोफळीकडे बघत. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका चतुर्थीला खालच्या घरची म्हातारी माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती चौकट) बांधायचा सुपारीचा घड घेऊन वरच्या घरी गेली, म्हणाली, ‘आमच्याकडे यंदा जास्त आलीय.’ बस. आमची आजी त्या रात्री कोकणीत एवढंच म्हणाली, ‘आतां उलयतात.’ म्हणजे आता बोलतात. आमच्या गावात समेटाला हाच शब्द आहे. पाणी त्या कागदाप्रमाणेच वाटलं जात होतं, आधीही आणि नंतरही.

तेव्हा ‘दिलजमाई’ सुचवणाऱ्यांना सांगा, शब्द गोड आहे, पण आयोगाच्या नावात नको. ती सुपारीच्या घडाबरोबर येते. उर्दूत दिलजमई म्हणजे मनाची खात्री, तसल्ली. मराठीने तिला दोन मनांची केलं. हल्ली मात्र निवडणूक आली की दोन नेत्यांची दिलजमाई नाहीतर मनोमीलन होतं, आणि तिकीटवाटप झालं की ते विरतं. बातम्यांनी दोन्ही शब्द वापरून वापरून इतके मळवलेत की गंभीर मजकुरात ते विनोदी वाटतात.

तडजोड आणि समेट यांतला फरक मुलांना गोव्यातलाच दाखवा, लांब जायला नको. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. निकाल लागला. ‘निकाल लागणं’ हे पुन्हा वेगळं क्रियापद, त्यात एक हरतो. विलीनीकरणाचा प्रश्न संपला, पण मराठी की कोकणी हा वाद वीस वर्षं धुमसत राहिला, आणि 1986 च्या डिसेंबरात त्यात माणसं मेली. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा विधेयक मंजूर झालं: देवनागरीतली कोकणी राजभाषा, आणि मराठीचा सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद. माझ्या मते ही तडजोड, आणि चांगली तडजोड. रक्त थांबलं, वाक्यरचना इतकी जपून केली की दोन्हीकडच्यांना घरी जाऊन ‘आपलं राहिलं’ असं सांगता आलं. पण समेट म्हणाल तर तो विधानसभेत झाला नाही. तो आमच्या घराघरांत आधीपासूनच होता: आरती मराठीत, भांडण कोकणीत, आणि सकाळचा पेपर ज्याच्या हाताला लागेल तो. मराठीवाला म्हणून हे लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही, काही मित्रांना वाटेल.

‘मध्यस्थ’ हा शब्दही तुम्ही विचारलाय, ‘लवाद’ चालेल का म्हणून. नाही. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. तो मध्ये उभा असतो, इतकंच. उदाहरण फोंड्याजवळच्या कवळ्याच्या देवळात आहे. शिव आणि विष्णू यांचं युद्ध जुंपलं, कोणी ऐकेना, तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांना आवरलं. म्हणून ती शांतादुर्गा. तिच्या हातातले दोन नाग म्हणजे ते दोघे असं सांगतात. बरोबर कोण होतं, हे मी ऐकलेल्या कथेत कुठेच येत नाही. आणि तिने नाग सोडूनही दिलेले नाहीत, दोन हातांत दोन धरून ठेवलेत. तिचं नाव नुसतं ‘शांता’ नाही हेही लक्षात घ्या, मागे दुर्गा आहे.

आता ‘वांशिक’. पाठ्यपुस्तकांत तो रुळलाय, परीक्षेत मुलांना तोच लिहावा लागेल, तेव्हा काढून टाकू नका. पण त्याच्याखाली दोन ओळी टाका. वंश म्हटलं की रक्त, कुळी, चेहरेपट्टी डोळ्यांपुढे येते. रवांडात 1994 मध्ये हुतूंनी तुत्सींचा संहार केला, तेव्हा मारणारा आणि मरणारा एकच किन्यारवांडा भाषा बोलत होते. बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर जमात छापली होती, आणि रस्त्यावरच्या अडथळ्यांपाशी तेच कार्ड बघून माणूस ठरवला जात होता. बोस्नियातही भाषा जवळपास एक, वेगळा तो धर्म. आपल्याकडे एकाच गावच्या एकाच मूळ घराण्यातलं एक घर कामत राहिलं आणि दुसरं ख्रिस्ती झालं, त्याला पोर्तुगीज आडनाव मिळालं; त्यांच्यातल्या वादाला वांशिक म्हणणार का? ‘समाजासमाजांतला संघर्ष’ हे लांबलचक आहे, पण खोटं नाही. मराठी पत्रकारितेतला ‘जातीय’ आणखी घोळ करतो. ‘जातीय दंगल’ म्हणजे तिथे धर्मांमधली दंगल, आणि वाचणारा जाती शोधत बसतो. त्या मानाने ‘तेढ’ उत्तम. वाकडेपणा, तिरकेपणा हा त्याचा साधा अर्थ, आणि वाकलेलं सरळ करता येतं एवढी आशा त्यात आहे.

रवांडावरून आठवलं, ‘गाचाचा’चं भाषांतर तुम्ही ‘लोकअदालत’ केलंय. आपली लोकअदालत तडजोडीसाठी बसते, बँकेची थकबाकी नाहीतर अपघाताची भरपाई घेऊन. गाचाचा म्हणजे गवत. गावकरी गवतावर बसून न्याय करत ती जुनी पद्धत सरकारने संहाराच्या खटल्यांसाठी उभी केली. 2012 मध्ये ती बंद होईपर्यंत 19 लाखांच्या आसपास प्रकरणं तिथे आली. त्यात शिक्षाही होत, कबुली दिली की कमी होत. मी ‘गाचाचा’ तसाच ठेवीन आणि शेजारी लिहीन, ‘गावच्या मांडावर भरणारं न्यायालय’. देशावरच्या वाचकाला ‘चावडी’ जवळची वाटेल, पण चावडीला पाटील-कुलकर्ण्यांचा वास आहे. मांड म्हणजे गावाने एकत्र जमायची जागा, ती सगळ्या गावाची. शिगम्याला, म्हणजे आमच्या होळीच्या सणाला, तिथेच जमतात, आणि एखाद्या वर्षी मांडावर कोण उतरला नाही हे सगळ्यांना दिसतं.

शीर्षकात तुम्ही ‘शांतता’ घातलीय, ती राहू द्या, दुसरा शब्द नाही. फक्त वाचनालयातल्या पाटीवरही तोच शब्द असतो हे मुलांना सांगा. मराठीत गप्प बसणं आणि सुखाने नांदणं या दोहोंना एकच शब्द, आणि पोलिसांची शांतता समिती यातलं नेमकं काय मागते ते दर वेळी आवाजावरून ओळखावं लागतं. ‘विभाजित समाज’ मात्र बदला, ते सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं वाटतं. ‘दुभंगलेला’ बरा.

शेवटी एक बारीक दुरुस्ती. तडजोडीच्या नादाने तुमच्याकडून दोन ठिकाणी ‘समेट झाली’ असं लिहून गेलंय. समेट पुल्लिंगी. तो झाला, किंवा झाला नाही.