मोबाइल मनी: सगळं अडतं ते अंगठ्यापाशी

तुम्ही विचारलंय की मोबाइल मनीमुळे, म्हणजे फोनवरून पैसे ठेवण्या-पाठवण्यामुळे, गरीब देशांतल्या लोकांना बँकसेवा खरंच मिळते का, आणि नागपूरकडे काय दिसतं. मिळते, पण चालत जाऊन नोटा हातात घेता येतात तिथेच. ‘फोन आला, आता शाखा कशाला’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे तो यावरूनच.

ते नेहमी केनियाचा दाखला देतात. २००७ साली सफारीकॉमने एम-पेसा आणलं, साध्या फोनवर, बँक खात्याशिवाय चालणारं. २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की त्यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे तिथली २ टक्के, गरिबीतून बाहेर आली. पण त्यांनी तपासलं होतं ते घराजवळ एजंट किती वाढले हे. नोटा देणारा-घेणारा माणूस. दाखला देताना नेमका हाच भाग गाळतात.

आपल्याकडे तो माणूस म्हणजे बँक मित्र, बँकेच्या वतीने पैसे देणारा-घेणारा गावातला दुकानदार. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात-निवडतात त्या जागी, देठ खुडणारी बाई लाडक्या बहिणीचे १५०० रुपये आधारवरून काढायला जाते आणि मशीन अंगठा घेत नाही. हातकामाने बोटांच्या रेषा झिजतात. साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करा, मशीनची काच पुसायला लावा. बोट फारच कोरडं असेल तर कपाळावरून फिरवा, तेवढा तेलकटपणा पुरतो. अंगठ्याचाच हट्ट नको, दहापैकी कुठलंही बोट चालतं. नेहमीच अडत असेल तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्या.

खरी गडबड दुसऱ्यांदा बोट ठेवताना होते. नेट गेलेलं असतं, पडद्यावर ‘फेल’ दिसतं, पण खात्यातून रक्कम कापली गेलेली असते. म्हणून आधी मिनी स्टेटमेंट, म्हणजे शेवटच्या काही व्यवहारांची यादी, काढा. त्यालाही बोट लागतंच, तेव्हा पडद्यावर ‘विड्रॉवल’ निवडलेलं नाही ना, हे स्वतः बघा किंवा सोबतच्या शिकलेल्या पोराला बघू द्या. फेल झालं तरी पावती सोडू नका, तिच्यावरचा १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, तक्रारीला लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम ५ दिवसांत परत यायला हवी, पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराशी भांडत बसू नका, तक्रार आपल्या खात्याच्या बँकेत लेखी द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

आणि नोटा? हप्ता पडला की गर्दी होते आणि केंद्रातली रोकडच संपते. प्रत्येक विड्रॉवलला दुकानदाराच्या डिजिटल वॉलेटमधली रक्कम वाढते, गल्ला रिकामा होतो. तो भरायला त्याला जावं लागतं शाखेत. शाखा २० किलोमीटरवर असेल तर त्या दिवशी बाया हात हलवत परत. शाखा बंद करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हप्ताच दिसत नसेल तर ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, बघा. सरकारी पैसा शेवटच्या जोडलेल्या बँकेत जातो, आणि ते खातं सिम घेताना नकळत उघडलेलं असू शकतं. २०१७ मध्ये गॅस सबसिडी अशीच भलत्या खात्यांत गेली होती.

एक मात्र मान्य करतो. सीताबर्डीच्या फेरीवाल्याला यूपीआयने सुट्ट्यांच्या कटकटीतून सोडवलं, बाईच्या नावावर स्वतःचं खातं आलं, हे थोडं नाही. बहुतेक बँक मित्र प्रामाणिकही असतात. पण अशी सिमबरोबर खाती उघडणाऱ्या पेमेंट्स बँकेला कर्ज देता येत नाही, ठेवीलाही २ लाखांची मर्यादा. काटोलच्या संत्रा बागायतदाराला पीककर्जासाठी सातबारा घेऊन आजही सोसायटीच्या नाही तर बँक शाखेच्या दारातच जावं लागतं.