बोर्दो की बर्गंडी? तीन दिवस आणि चौघांसाठी माझं मत बर्गंडीला

प्रश्न थोडक्यात असा: चौघे मित्र ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसला जाताहेत, त्यातले तीन दिवस रेड वाइनसाठी राखून ठेवलेत. नाशिकच्या वायनरी बघून झाल्या आहेत. चौघांत एक जण पीत नाही, एक शाकाहारी. फ्रान्समधल्या वाइनच्या दोन नामांकित प्रदेशांपैकी बोर्दोला जावं की बर्गंडीला, गाडी लागेल का, आणि बड्या शातोंमध्ये, म्हणजे बोर्दोच्या वाइन करणाऱ्या इस्टेटींमध्ये, आत सोडतात का?

तीनच दिवस हाताशी असतील तर सरळ बर्गंडी. बोर्दो शहर देखणं आहे, पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, दोन तासांत पोचता. पण ज्या नावांसाठी लोक तिथे धावतात ते मेदोक या भागातले शातो शहराबाहेर डी-२ रस्त्यावर लांबवर पसरलेत. बोर्दोच्या शातोंची प्रतवारी लावणाऱ्या १८५५ च्या यादीत पहिल्या श्रेणीत चार शातो होते. पाचवा, म्हणजे मूतों-रोथशिल्ड, वर चढला थेट १९७३ मध्ये. त्या पाचांच्या फाटकासमोर फोटो निघतो, आत जाणं मात्र सहजासहजी होत नाही. आणि गेलात तरी त्यांचा बहुतेक माल व्यापाऱ्यांमार्फत विकला जातो, त्यामुळे जिथे चाखली तिथेच बाटली घेतली असं होईलच याची खात्री नाही. मित्रमंडळी बोर्दोवर अडूनच बसली, तर शहरात राहून रेल्वेने सांतेमिलियों करा. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास, स्टेशनपासून गाव चालत. बाकी मेदोक वगैरे पुढच्या खेपेला.

बर्गंडीत गंमत वेगळी आहे. बोर्दोत मेर्लो, कॅबर्ने सोव्हिन्यों अशा दोन-चार द्राक्षांचं मिश्रण करतात. इथे रेड म्हटलं की जवळजवळ सगळीकडे एकटं पिनो न्वार. द्राक्ष तेच, हवामान तेच, बऱ्याचदा शेतकरीही तोच. मग दोन ग्लासांत फरक पडतो तो जमिनीमुळे. ही एक गोष्ट जिभेला कळली की सहल वसूल.

जमिनीचे तुकडेही असे, की आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या बागा जप्त होऊन विकल्या गेल्या आणि पुढे नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसाहक्क दिला, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या वाटण्या होत गेल्या. क्लो द वूजो ही दगडी भिंतीतली बाग जेमतेम ५० हेक्टरची, मालक ८० च्या आसपास. सातबाऱ्यावर नावांची रांग लागावी तसं. एकाच बागेच्या नावाची वाइन त्यामुळे एकाकडे अप्रतिम आणि बांधापलीकडच्याकडे बेताची निघते. म्हणून बाटलीवर गावाच्या आणि बागेच्या नावाइतकंच करणाऱ्याचं नावही बघायचं.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मुक्काम बर्गंडीतल्या बोन या गावात करा. पॅरिसच्या गार द लियोंहून टीजीव्हीने दिजों सुमारे दीड तास, तिथून लोकल गाडीने बोन अर्ध्या तासाच्या आत. गावाभोवती जुना तट, आत सगळं चालत. पहिल्या दिवशी पोचल्यावर दुपारी ओतेल-द्यू बघा. निकोला रोलँ याने १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी काढलेलं हे इस्पितळ, रंगीत कौलांचं छप्पर बघण्यासारखं. देणगीत मिळालेल्या द्राक्षबागांची वाइन ही संस्था दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी लिलावात विकते. तुमच्या तारखा त्याच्या आधीच्या आहेत हे बरं, त्या आठवड्यात बोनमध्ये खोली मिळणं मुश्कील. त्याच संध्याकाळी गावातल्या एखाद्या मोठ्या व्यापारी पेढीचं तळघर करून टाका. ठरावीक फी, इंग्रजी बोलणारी माणसं, नवख्यांना सोयीचं.

दुसरा दिवस खरा. सकाळी पोमार, दुपारी व्होलने. शेजारशेजारची गावं, द्राक्ष एकच. पोमारच्या मातीत चिकणमाती जास्त. तिथल्या रुजियाँ या बागेची माती तर लोहामुळे तांबूस दिसते. वाइन दणकट, तरुणपणी हिरड्यांना धरणारी तुरट. व्होलनेला चुनखडी वर येते, तिथली वाइन हलकी, सुवासिक, तोंडात कुठे अडत नाही. पुस्तकात हे वाक्य दहा वेळा वाचलं तरी कळत नाही, दोन्ही एका दिवसात चाखलं की पाच मिनिटांत कळतं. शक्य असेल तर प्रत्येक ठिकाणी एकाच सालाची गावाच्या नावाची साधी वाइन आणि एक प्रमिए क्रू, म्हणजे वरच्या दर्जाच्या ठरावीक बागेची वाइन, शेजारी शेजारी मागा. पाच सालं आणि दहा बागा असा पसारा मांडलात तर संध्याकाळी एकही आठवणार नाही.

नाशिकचा अनुभव मात्र जरा बाजूला ठेवा. तिकडे तिकीट काढून आत जायचं, गच्चीवर बसायचं, पिझ्झा मागवायचा. बर्गंडीतलं छोटं दोमेन म्हणजे शेतकऱ्याचं राहतं घर. फाटकाची बेल वाजवायची. अंगणात ट्रॅक्टर, चिखलाचे गमबूट, आणि हात पुसत बाहेर येणारा माणूस. तळघरात बारमाही थंडी, बारा-तेरा डिग्रीच्या आसपास, भिंतींवर काळी बुरशी, पायाखाली खडी. तो पिंपाचं वरचं बूच काढतो, काचेची लांब नळी आत सोडतो, वरच्या तोंडावर अंगठा दाबून वाइन उचलतो आणि प्रत्येकाच्या ग्लासात दोन घोट सोडतो. ऑक्टोबरच्या अखेरीला त्या पिंपात गेल्या सालची वाइन असू शकते, अजून बाटलीत न गेलेली. कुणी थोडी चाखून उरलेली परत पिंपात ओततो. दचकू नका, चालतं तिथे. आधी रेड आणि मग व्हाइट असा क्रमही तिथे सर्रास असतो, आपण उलटं शिकलेलो असतो. स्वेटर बरोबर ठेवा आणि त्या दिवशी अत्तर-सेंट लावू नका, चौघांचे ग्लास खराब होतात.

वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. तीन-चार आठवडे आधी छोटी ईमेल टाका: किती जण, कोणता दिवस, इंग्रजी चालेल का, बाटल्या घेण्याचा विचार आहे का. फ्रेंचमध्ये दोन ओळी लिहिल्यात तर उत्तर येण्याची शक्यता नक्की वाढते. निम्म्या ईमेलांना उत्तर येणार नाही, मनाला लावून घेऊ नका. त्या दिवसांत तिकडे द्राक्षतोडणी आणि पिंपांची गडबड चालू असते. चार जण हा आकडा झकास. आठ जणांना छोटी दोमेन नाहीच म्हणतात. दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तीन. रविवारी बरीच बंद, १ नोव्हेंबरला सुट्टी, आणि बारा ते दोन जेवणाची वेळ, तेव्हा बेल वाजवणं वाईट दिसतं.

बाटली घ्यायलाच हवी का? फी घेतली असेल तर बंधन नाही. फुकट चाखायला देऊन तासभर वेळ दिला असेल, तर चौघांत मिळून दोन-तीन बाटल्या घ्या. माणसाने तुमच्यासाठी काम थांबवलेलं असतं. खिशाला झेपेल असं हवं असेल तर सावीन्यी-ले-बोन, माँतेली, सांत्ने या गावांची नावं लक्षात ठेवा. पोमारच्या मानाने स्वस्त आणि प्यायला लवकर तयार.

थुंकण्याचा मुद्दा कोणी विचारला नाही, पण तोच महत्त्वाचा. सहा वाइन, प्रत्येकी ४० मिली धरली तरी २४० मिली होते, म्हणजे बाटलीचा तिसरा भाग, तोही सकाळी अकराच्या आत. पिचकारीची परंपरा असलेल्या देशातून आलेली मंडळी तिथे मात्र लाजून गिळत बसतात. बादली ठेवलेली असते, तळघरात कधी कधी थेट खडीवरच. थुंकलात तर तुम्ही गंभीरपणे चाखताय असाच अर्थ घेतला जातो. आवडली ती एखादी खुशाल गिळा.

गाडीचं म्हणाल तर फ्रान्समध्ये मद्याची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, आणि सायकलस्वारालाही ती लागू आहे. न पिणारा मित्र आनंदाने चालवणार असेल तर गाडी घ्या, त्याने इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून न्यावं. पण त्याला तीन दिवस ड्रायव्हर करून ठेवू नका. पोमार-व्होलनेसाठी टॅक्सी परवडते, हवा बरी असेल तर बोनहून सांत्नेकडे द्राक्षमळ्यांतून जाणारा सायकलमार्ग आहे. तिसऱ्या दिवशी लोकल गाडीने न्वी-सां-जोर्जला उतरा आणि टॅक्सीने व्होन-रोमानेला जा. तिथली सगळ्यांत प्रसिद्ध, रोमाने-काँतीची बाग साडेचार एकरांच्या आतली, कडेला बुटकी भिंत आणि दगडी क्रूस. बाहेर रस्त्यावर उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत. आत पाय ठेवू नका, तशी पाटीच आहे. वाइनचा भाव विचारूही नका. उभ्या उभ्या उतार मात्र नीट बघा: खाली मोठ्या रस्त्याकडे सपाट जमिनीत साध्या वाइनी, मध्यावर सगळी बडी नावं, वर माथ्याला जंगल.

न पिणाऱ्याला बोनमध्ये फालोची मोहरी गिरणी दाखवा, १८४० पासूनची आहे. काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं सरबतही तिथलंच खास.

शाकाहाऱ्याची तिथे खरी पंचाईत. बर्गंडीचं जेवण म्हणजे वाइनमध्ये शिजलेलं गोमांस आणि गोगलगाई. अंड्यांच्या प्रसिद्ध पदार्थाच्या रश्शातही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. अंडं चालत असेल तर गुजेर, म्हणजे चीजचे पोकळ गोळे, सगळीकडे मिळतात. शनिवारी बोनला बाजार भरतो. पाव, कोंते चीज, फळं घेऊन दुपारचं भागवा आणि हॉटेलात टेबल राखतानाच सांगून ठेवा.

येताना माणशी दोन लिटर दारू भारतात ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात माळ्यावर पोमार मुरत ठेवायचा बेत असेल तर राहू द्या. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर लवकर पिता येईल अशीच घ्या आणि मार्चच्या आत उघडा.

तारखा पक्क्या झाल्या की इथे टाका. शनिवार मध्ये येतो का ते बघून कोणतं गाव कधी ते सांगतो.